रजाचा गज

‘रजाचा गज करणे’ हे मराठीत कुणी कौतुकानं म्हणत नाही. धुळीच्या कणाचा हत्ती करणारा माणूस भांडकुदळ तरी असतो, नाही तर थापाड्या तरी. ‘राईचा पर्वत’ करणाऱ्याचीही तीच गत. पण सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर कॅमेरा बसवून फुलपाखराच्या पंखावरची भुकटी, वाळूचे कण, डासाचा पाय यांचे भिंतभर फोटो काढणारी मंडळी दुसरं काय करतात? रजाचा गजच करतात. फक्त त्यात थाप नसते. या उद्योगाला मराठीत काय म्हणावं, हा आजचा प्रश्न. पाठ्यपुस्तकात शब्द तयार आहेत, पण जरा जवळून पाहिले की त्यांचे सांधे दिसू लागतात.

आधी रज. याज्ञवल्क्यस्मृतीत वजनांचं एक कोष्टक आहे आणि त्याचा आरंभ धुळीपासून होतो. जाळीतून घरात आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जो कण तरंगताना दिसतो, तो त्रसरेणू. असे ८ त्रसरेणू म्हणजे एक लिक्षा, ३ लिक्षा म्हणजे एक राजसर्षप. लिक्षा म्हणजे उवेचं अंडं. डोक्यातल्या उवांबरोबर मराठीत अजून नांदणारी ‘लीख’ ती हीच. राजसर्षप म्हणजे काळी मोहरी, आपली राई. म्हणजे आपल्या दोन्ही वाक्प्रचारांतले रज आणि राई हे एकाच कोष्टकातले शेजारी निघाले: २४ रजांची एक राई. खऱ्या धुळीशी हा हिशेब जुळत नाही, राईच्या एका दाण्यात तसले कण लाखांनी मावतील. पण डोळ्याला दिसणारी शेवटची वस्तू कोणती, हा प्रश्न कुणीतरी नीट विचारला आणि तिला नाव दिलं, हे महत्त्वाचं. रेणू हा शब्द तिथूनच रसायनशास्त्राच्या पुस्तकात आला. धुळीचा कण होता, तो दोन-चार अणूंचा झाला; आपल्याच डोळ्यांआड गेला.

डोळ्यांआडचं पाहायला यंत्र लागतं आणि यंत्र आलं की नावाची पंचाईत येते. मराठी माणसानं दूरचं पाहणाऱ्या यंत्राला फारसीतून नाव घेतलं: दूर अधिक बीन, म्हणजे दूरचं पाहणारी, ती दुर्बीण. शब्द इतका मुरला की पुढे त्यातलं ‘दूर’ कुणाला ऐकूच येईना. पित्ताशयाचं ऑपरेशन ‘दुर्बिणीतून’ झालं, असं आपण सहज सांगतो. पोटात घातलेली नळी चार बोटांवरचं दाखवते, त्यात दूरचं काय आहे? डॉक्टरही अडत नाहीत, पेशंटही अडत नाही. नळी आहे, भिंग आहे, एरवी न दिसणारं दिसतंय, म्हणजे दुर्बीण. लोकांनी व्युत्पत्ती बाजूला ठेवून काम पाहिलं आणि शब्दाचा अर्थ रुंद करून घेतला.

बारीक पाहणाऱ्या यंत्रालाही फारसीनं तसंच नाव दिलं होतं: खुर्दबीन. उर्दूत ते चालतं, जुन्या हिंदीतही भेटतं. मराठीत मात्र रुजलं नाही, आणि याचं मला नेहमी नवल वाटतं, कारण त्यातला ‘खुर्द’ आपल्या रस्त्यारस्त्यावर उभा आहे. पुण्याजवळचं वडगाव खुर्द आणि वडगाव बुद्रुक, कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे ‘बुजुर्ग’, थोरलं. सुट्ट्या नाण्यांना खुर्दा म्हणणारी पिढीही फार जुनी नाही, आणि एखाद्या गोष्टीचा खुर्दा उडतो तेव्हा तिचे बारीक तुकडेच होतात. एवढी ओळख असून खुर्दबीन मात्र वेशीबाहेरच राहिली.

याच कुळातला आणखी एक शब्द फारसीत आहे: ज़र्रेबीन, म्हणजे हातात धरायचं भिंग. ज़र्रा म्हणजे कण. हा अरबी कण मराठीत कुठे गेला? ‘जरा’ होऊन बसला. ‘जरा सरक’, ‘जराशी साखर घाल’ म्हणताना आपण कणभर सरकायला आणि कणभर साखर घालायला सांगत असतो. (म्हातारपणाची संस्कृत जरा वेगळी, दोघींची ओळखसुद्धा नाही.) आणि गंमत अशी की आजच्या इराणात ‘दूरबीन’ म्हणजे चक्क कॅमेरा. म्हणजे सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवणारा तेहरानचा माणूस बारीक पाहणाऱ्या यंत्रावर ‘दूरचं पाहणारी’ चढवतो आणि जवळचा फोटो काढतो. पित्ताशय दुर्बिणीतून काढणाऱ्या आपण त्याला हसण्यात अर्थ नाही.

युरोपातही बारीक पाहणारं यंत्र दूरच्याच्या पाठीला पाठ लावून आलं. गॅलिलिओ त्याला इटालियनमध्ये ‘ओक्क्यालीनो’ म्हणायचा, म्हणजे छोटासा चष्मा. ‘मायक्रोस्कोप’ हे नाव १६२५ साली जोव्हान्नी फाबेर यानं सुचवलं, आणि तेही आधी रूढ झालेल्या ‘टेलिस्कोप’च्या चालीवर. गॅलिलिओच्या चष्म्याशी तुलना करायची तर आपली ‘चाळशी’ मला जास्त आवडते. वय चाळीस झालं की जवळचं दिसेना होतं आणि म्हणून ती लागते. नावातच निदान सांगून टाकणारं दुसरं उपकरण माझ्या माहितीत नाही.

मग मराठी शास्त्रलेखकांनी ‘सूक्ष्मदर्शक’ केला. हिंदीवाले ‘सूक्ष्मदर्शी’ म्हणतात, आपल्याकडेही काही जण तसं लिहितात. फरक शेपटीचा आहे, पण शेपटीत अर्थ आहे. दर्शी म्हणजे पाहणारा. दूरदर्शी माणूस पुढचं पाहतो. मार्गदर्शक आणि दिशादर्शक यांतला दर्शक दाखवणारा असतो. यंत्र पाहत नाही, दाखवतं, पाहतो आपण. तेव्हा मराठीची निवड अधिक बरोबर आहे असं माझं मत. आता डोळ्यांच्या दोन नळ्यांखेरीज वर असलेल्या तिसऱ्या नळीवर कॅमेरा बसला आणि माणूस शेजारच्या पडद्याकडे बघू लागला, तर पाहणारा कोण, हा वाद तत्त्वज्ञांनी घालावा. आपलं दर्शक दोन्ही परिस्थितींत टिकतं.

त्या दर्शकाच्या पोटात भिंगं असतात. ‘भिंग’ आता आपल्याला वाटोळं आणि फुगीरच दिसतं, जुन्या मराठीत मात्र साध्या काचेलाही भिंग म्हणत. इंग्रजी ‘लेन्स’ सरळ स्वयंपाकघरातून आली आहे: लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. अख्खा मसूर बोटांत धरून पाहावा, दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला निमुळता; बहिर्वक्र भिंगाचा तो नमुनाच. अरबीतही ‘अदस’ म्हणजे मसूर आणि ‘अदसा’ म्हणजे भिंग. वनस्पतिशास्त्रात मसुराचं नाव आजही ‘लेन्स क्युलिनॅरिस’ आहे. फोकसचं मूळही त्याच घरातलं. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल, आणि भिंगानं ऊन एकवटलं की तिथे कागद पेटतो, हे पाहिल्यावर १६०४ साली केप्लरनं तो शब्द का उचलला असावा हे वेगळं सांगायला नको. आपण त्याला ‘नाभी’ केलं. शब्द सुरेख आहे, पण ‘नाभी जमली नाही’ असं म्हणणारा फोटोग्राफर मला भेटायचा आहे. फोकसच जमतो, नाही तर हुकतो.

कॅमेऱ्याची कथा मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. पोर्तुगीजांच्या तोंडून त्याच मुळापासून हिंदीला ‘कमरा’ मिळाला, आणि ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ म्हणजे अंधारी खोली, भिंतीला एक भोक, त्यातून आत आलेला उजेड आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या जगाचं उलटं चित्र. पुढे खोली आक्रसून पेटी झाली, पेटी हातात मावली, नाव तेवढं खोलीचंच राहिलं.

आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द एक मजेदार दुहेरी संसार करतो. न्यायालयात ‘इन कॅमेरा’ सुनावणी होते म्हणजे बंद खोलीत होते, आणि तिथे कॅमेऱ्याला तर मज्जावच असतो. ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ या बातमीत मात्र त्याचा अर्थ असतो चित्रीकरण करून केलेलं. एकाच पानावर एक ‘इन कॅमेरा’ दार लावतो आणि दुसरा पुरावा म्हणून चित्रफीत काढतो. दोघांवरही उपसंपादकाची खूण नसते.

आता सूक्ष्मदर्शकातून निघालेल्या पहिल्या फोटोंकडे वळलो की ही खोली खरोखरच उभी राहते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ‘सौर सूक्ष्मदर्शक’ नावाचं यंत्र होतं. खोली अंधारी करायची, खिडकीच्या झडपेला भोक पाडायचं, बाहेर आरसा लावून ऊन आत घ्यायचं, त्या उन्हात पिसवेसारखी बारकी वस्तू धरायची आणि भिंगातून तिची मोठी प्रतिमा भिंतीवर पाडायची. त्रसरेणूची व्याख्या करणाऱ्याला हा देखावा ओळखीचा वाटला असता. १८०२ साली थॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी चांदीच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर अशी प्रतिमा उमटते असं नोंदवलं. उमटायची, पण टिकायची नाही. उजेडात नेली की सगळा कागद काळा. १८३९ साली फॉक्स टॅलबटची कागदावरची चित्रं लंडनमध्ये दाखवली गेली तेव्हा त्यांत सौर सूक्ष्मदर्शकातून घेतलेलीही होती. १८४५ साली पॅरिसमध्ये दोने आणि फूको यांनी सूक्ष्मदर्शकावरच्या डॅगेरोटाइपांचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर घेतलेल्या फोटोंचा, एक चित्रसंग्रह छापला. छापण्यासाठी मात्र ती चित्रं कारागिराकडून कोरून घ्यावी लागली. १८७७ साली रॉबर्ट कॉखनं जिवाणूंची छायाचित्रं प्रसिद्ध केली. त्याचा मुद्दा साधा होता: हातानं काढलेल्या आकृतीत पाहणाऱ्याचं मतही उतरतं, फोटोत वादी-प्रतिवादी दोघांसमोर एकच पुरावा येतो. हाच कॉख पुढे १८८३ साली पटकीचा जंतू शोधत कोलकात्यात आला होता.

‘जंतू’ म्हणताना तरी आपण थांबतो का? संस्कृतात जंतू म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव, गीतेतल्या जंतूंत माणसंही येतात. मराठीनं त्याला आक्रसत आक्रसत जंतुनाशकाच्या बाटलीपर्यंत आणलं. ‘पेशी’ची वाट आणखी वाकडी. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ म्हटलं, म्हणजे पुन्हा छोटी खोलीच. हिंदीनं त्याची ‘कोशिका’ केली. आपण ‘पेशी’ घेतली, पण सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा पुंजका. शरीरात ५०० पेशी असतात असं तो सांगतो. हिंदीत मांसपेशी म्हणजे अजून स्नायूच. आणि स्नायू? सुश्रुताचा स्नायू हाडं बांधून ठेवणारा, तो आपण मांसाला देऊन टाकला. शरीरशास्त्राचे मराठी आणि हिंदी विद्यार्थी एका बाकावर बसले तर सूक्ष्मदर्शकाआधी कोश लागेल.

सगळीच नावं अशी अंगावर येत नाहीत. सूक्ष्मदर्शकी फोटो काढणाऱ्यांचं एक लाडकं गिऱ्हाईक म्हणजे डायटम, गारेच्या काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शैवल. त्याचं कवच दोन भागांचं, वरचं खालच्यावर झाकणासारखं बसणारं. मराठीत त्याला ‘करंडक वनस्पती’ म्हटलं गेलं. कुंकवाचा करंडा उघडून पाहिलेल्या कुणालाही हे नाव एका क्षणात पटेल. मूळ ग्रीक शब्दात फक्त ‘दोन तुकडे केलेला’ एवढंच आहे. करंडा तिथे नाही. परिभाषा करायची तर अशी करावी.

छायाचित्र या शब्दावर नेहमी एक आक्षेप घेतात: ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, आणि आपण उलट त्याची सावली केली. म्हणून कुणी ‘प्रकाशचित्र’ लिहितं. आक्षेप अर्धवट आहे. संस्कृतात छाया म्हणजे सावली, तसंच प्रतिबिंबही आणि कांतीही. गाथासप्तशतीसारख्या महाराष्ट्री प्राकृतातल्या ग्रंथाला जोडलेल्या संस्कृत रूपांतराला ‘छाया’ म्हणतात ते तिथे अंधार असतो म्हणून नव्हे. एका रूपाचं दुसऱ्या पृष्ठावर पडलेलं रूप, हा अर्थ फोटोला चपखल बसतो. त्यातून सूक्ष्मदर्शकात तर वस्तूच्या खालून उजेड सोडतात. भिंगापर्यंत पोहोचतं ते उजेडातून वस्तूनं अडवून उरलेलं. सावलीलाही इथे हक्क आहेच.

नामापेक्षा क्रियापदात मराठी जास्त मोकळी आहे. आपण फोटो ‘काढतो’. रांगोळी, चित्र, आकृती आणि फोटो, चौघांना एकच क्रियापद. त्यामुळे प्रयोगशाळेत एका पिढीनं एक डोळा नेत्रिकेला लावून जर्नलात पेन्सिलीनं कांद्याच्या सालीची आकृती काढली आणि पुढच्या पिढीनं त्याच नेत्रिकेला मोबाइल टेकवून फोटो काढला, तरी भाषेला सांधा बदलावा लागला नाही. हातानं काढलेली आकृती आणि फोटो यांच्या मध्ये १८०६ साली वुलस्टननं पेटंट घेतलेला ‘कॅमेरा ल्युसिडा’ आहे: वस्तू आणि कागद एकाच वेळी दाखवणारा काचेचा लोलक, सूक्ष्मदर्शकावर बसवून आकृती गिरवायला सोयीचा. नावाचा अर्थ उजेडाची खोली. त्यात खोली मुळीच नाही.

दुसरं क्रियापद ‘टिपणे’. चिमणी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई लेकराचे डोळे टिपते, शिकारी सावज टिपतो, कारकून टिपण काढतो. या सगळ्यांत चपळाई आहे, हलकी उचल आहे. पाण्याच्या थेंबात पळणारा अमीबाचा भाऊबंद जरूर टिपावा. पण पंखावरच्या खवल्याचा फोटो टिपला म्हणू नये. चाळीस पटीच्या भिंगाखाली एका वेळी स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम मायक्रॉनभर असते, म्हणून फोकस केसाएवढाही नाही, त्याहून कमी सरकवत डझनावारी फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचून त्यांचा एक करायचा. ही रांगोळीची जात आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातला विल्सन बेंटली हा शेतकरी १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेऊ शकला, आणि पुढे आयुष्यभर त्यानं तसे ५००० हून जास्त काढले. उणे तापमानाच्या पडवीत, श्वास रोखून. तो कण वितळायच्या आत काम उरकायचं असल्यानं त्याला मात्र मी दोन्ही क्रियापदं देईन.

आता मूळ प्रश्न. ‘सूक्ष्मछायाचित्र’ हा शब्द सुचवला जातो, आणि शाळेतल्या व्याकरणानंच त्याची पंचाईत होते. विग्रह कसा करायचा? ‘सूक्ष्म असे छायाचित्र’ केला तर कर्मधारय, म्हणजे फोटोच इवलासा. ‘सूक्ष्माचे छायाचित्र’ केला तर षष्ठी तत्पुरुष, म्हणजे इवल्या वस्तूचा फोटो. हा नुसता वैयाकरणांचा खेळ नाही, कारण दोन्ही गोष्टी जगात आहेत. मँचेस्टरचा जॉन बेंजामिन डान्सर एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या माणसांचे आणि मजकुरांचे टिंबाएवढे फोटो काचपट्टीवर करून विकायचा. ते पाहायलाच सूक्ष्मदर्शक लागायचा. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा रने दाग्रोननं हजारो निरोप असेच आक्रसून कबुतरांच्या शेपटीला बांधता येतील एवढे केले. इंग्रजीनं इवल्या फोटोला ‘मायक्रोफोटोग्राफ’ आणि इवल्या वस्तूच्या फोटोला ‘फोटोमायक्रोग्राफ’ अशी वाटणी केली. तिथेही लोक गोंधळतातच. शिवाय फुलाकिड्यांचे जवळून फोटो काढणाऱ्या भिंगाला दुनिया ‘मॅक्रो’ म्हणते, म्हणजे मोठं, आणि निकॉन कंपनी त्याच जातीच्या भिंगावर ‘मायक्रो’ लिहिते. लहानाचा मोठा फोटो: कुणी लहानाकडून नाव ठेवलं, कुणी मोठ्याकडून.

माझं मत असं, की इथे समास करूच नये. दोन शब्द चिकटवले की त्यांच्यातलं नातं लपतं, आणि या धंद्यात सगळा अर्थ त्या नात्यातच आहे. ते नातं दाखवायला मराठीकडे एक बारकी शेपटी आधीच आहे: ‘-तून’. ‘-त’ आणि ‘-ऊन’ मिळून झालेली. ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणणाऱ्या लोकांनी ती कुणाला न विचारता बरोबर जागी लावली आहे. तशीच ‘सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो’ म्हणावं. तीन शब्द होतात, होऊ द्यावेत. काय लहान, काय मोठं आणि मध्ये काय होतं, यात शंका उरत नाही.

आणि चित्रांखाली ओळी लिहिणाऱ्या संपादकांना एक विनंती. ‘४०० पट मोठे’ असं छापू नका. चाळीसचं भिंग आणि दहाची नेत्रिका यांचा तो गुणाकार डोळा लावून पाहणाऱ्यापुरता खरा असतो. कॅमेरा पुष्कळदा नेत्रिकेला वळसा घालून बसवलेला असतो, आणि तोच फोटो मासिकात तळहाताएवढा, मोबाइलवर अंगठ्याएवढा आणि भिंतीवर दाराएवढा होतो. पट प्रत्येक वेळी बदलते. एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काचपट्टी भिंगाखाली ठेवून, तिच्याशी ताडून फोटोच्या कोपऱ्यात जी छोटी रेघ काढतात आणि तिच्यावर ‘१० मायक्रॉन’ किंवा ‘५० मायक्रॉन’ लिहितात, ती रेघ फोटोबरोबरच लहानमोठी होते, म्हणून ती खरी राहते. पानात जागा नाही म्हणून फोटोची कड कापायची वेळ आली, तर त्या रेघेची बाजू सोडून कापा.